लेकीचा दमा आणि आमच्या घरातली ओल

माझ्या मुलीचा दमा बारा महिने सारखा नसे. त्याचे एक वेळापत्रक होते. पावसाळा अर्धा सरला की, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, तिचा रात्रीचा खोकला सुरू व्हायचा आणि दसऱ्यापर्यंत चालायचा. दिवाळीनंतर थंडी पडून दिवाणातल्या रजया बाहेर निघाल्या की दुसरी फेरी यायची. उन्हाळ्यात नागपूरची हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. तेव्हा तरी तिला आराम पडावा अशी आमची अपेक्षा असे, पण एप्रिलच्या मध्यात कूलर सुरू झाला की आठ-पंधरा दिवसांत पहाटेची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागे. पोळ्याच्या पाडव्याला जुन्या वस्तीतून मारबतीची मिरवणूक निघते आणि ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो, तेव्हा आमच्या घरी नेमका खोकल्याचा भर असायचा. माझ्या सासूबाई त्या पुकाऱ्यात नातीच्या खोकल्याचेही नाव मनोभावे घेत.

ती पाच वर्षांची होईपर्यंत या दुखण्याला वेगवेगळी नावे मिळाली. कुणी वारंवार होणारी सर्दी म्हटले, कुणी अ‍ॅलर्जीचा खोकला, कुणी ‘बाळदमा आहे, मोठी झाली की जाईल’ असे सांगितले. खोकल्याची औषधे आणि अँटिबायोटिक यांचे कोर्स झाले, त्रास वाढला की नेब्युलायझरने वाफ दिली जायची, आणि आठवडाभराने सगळे शांत झाल्यावर प्रकरण पुढच्या फेरीपर्यंत मिटायचे. सातव्या वर्षी, एका ऑक्टोबरच्या पहाटे तिला बोलतानाही धाप लागू लागली. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जात होती. त्यानंतर आम्ही धंतोलीतल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो आणि तिथून या कामाला दिशा मिळाली.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषधापेक्षा प्रश्नांवर अधिक वेळ घालवला. खोकला कोणत्या महिन्यात येतो, रात्री किती वाजता येतो, मामाच्या गावी गेल्यावर कमी होतो का, ती झोपते त्या खोलीत कोणती भिंत ओली असते, गादी कापसाची की फोमची, कूलर कुठे लावला आहे, घरात कुणी धूम्रपान करते का, उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती किती जळते, असे ते विचारत गेले. मी सांगितले ते सगळे त्यांनी महिन्यांच्या रांगेत लिहून काढले आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणाले, “ताई, हिच्या दम्यात हवामानाचा भाग आहेच, पण तुमच्या घरातल्या ओलीचा भाग मला मोठा दिसतो आहे. तो तपासून पाहू.”

तपासणीचे दोन भाग होते. पहिली स्पायरोमेट्री. मुलाने खोल श्वास घेऊन नळीत जोराने सोडायचा असतो आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजते. नंतर साल्ब्युटामॉलचा पंप देऊन पंधरा मिनिटांनी तीच चाचणी पुन्हा करतात. तो आकडा बारा टक्क्यांहून अधिक सुधारला, तर श्वासनलिका आकसलेल्या होत्या आणि औषधाने मोकळ्या झाल्या असा त्याचा अर्थ, आणि दम्याची ती महत्त्वाची खूण मानली जाते. पाच-सहा वर्षांच्या आतली मुले ही चाचणी नीट करू शकत नाहीत, त्यामुळे त्या वयात निदान बरेचसे लक्षणांवर आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरच करावे लागते. आमच्या मुलीला ती जमली आणि निदानाबद्दलची शंका संपली.

दुसरी चाचणी अ‍ॅलर्जीची. तिच्याआधी सर्दी-खाजेची अँटिहिस्टामिन औषधे काही दिवस बंद ठेवावी लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून बारीक टोचणी करतात. रक्त येत नाही आणि मुलगी रडलीही नाही. एक थेंब नुसत्या खारट पाण्याचा आणि एक हिस्टामिनचा असतो, तुलनेसाठी. पंधरा-वीस मिनिटांनी जिथे गांधी उठते तिचा व्यास मोजतात आणि खारट पाण्याच्या थेंबापेक्षा ती तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. तिच्या हातावर घरातल्या धुळीच्या माइटची गांधी सर्वांत मोठी होती आणि अल्टरनेरिया या बुरशीची त्याखालोखाल. झुरळाच्या थेंबाला काही झाले नाही. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट केले की नुसती गांधी उठली म्हणजे तीच गोष्ट दम्याचे कारण ठरत नाही. अनेक धडधाकट माणसांच्या हातावरही ती उठते. इथे मात्र गांधी आणि महिन्यांचा कागद दोन्ही एकच सांगत होते.

माइट हा प्राणी मला नावानेही ठाऊक नव्हता. तो कीटक नसून कोळ्याच्या दूरच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या चौथ्या भागाएवढा जीव आहे. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज गळणारे कातडीचे सूक्ष्म कण हे त्याचे अन्न, म्हणून तो गादी, उशी, रजई आणि कापडी सोफा यांत राहतो. घरातल्या धुळीने दमा उसळतो हे डॉक्टरांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होते, पण धुळीत नेमके काय असते ते नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहॉर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवले. त्रास देतो तो माइटच्या विष्ठेतला प्रथिनाचा अंश. त्याचे सर्वांत अभ्यासलेले प्रथिन डर पी १ या नावाने ओळखले जाते. ते प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असल्यामुळे श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचे सांधेच सैल करते आणि अ‍ॅलर्जीला आत शिरायला वाट करून देते. हे कण तुलनेने जड असतात. ते हवेत तासन्‌तास तरंगत नाहीत, गादी झटकली किंवा अंथरुणात कूस बदलली की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. मूल ज्या उशीत तोंड खुपसून आठ-नऊ तास झोपते ती उशी खोलीतल्या हवेपेक्षा महत्त्वाची ठरते, ती या कारणाने.

या सगळ्यात माझ्यासाठी निर्णायक ठरलेली गोष्ट वेगळीच होती. माइट पाणी पीत नाही. तो हवेतली वाफ शोषून जगतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिली तर तो हळूहळू वाळून मरतो, आणि सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता व पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान मिळाले तर त्याची वाढ जोरात होते. बुरशीचेही जवळजवळ हेच गणित आहे. तिला भिंतीची ओल पुरते, आणि ओल्या झालेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांतच ती धरू लागते. म्हणजे आमच्या घरात दोन शत्रू दिसत असले तरी दोघांचा आधार एकच होता, तो म्हणजे पाणी. मी बाजारातून घरात ठेवायचा छोटा आर्द्रतामापक आणला आणि तो तिच्या पलंगाशेजारी ठेवला.

कोरड्या प्रदेशात माइट फारसे टिकत नाहीत असे वाचले, तेव्हा नागपूरच्या मे महिन्याचा मला उलगडा होईना. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी बाहेरची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली येते. अशा हवेत माइट जगूच नये. पण तो बाहेरच्या हवेत राहतच नाही. दुपारी कूलर चालू असताना मापकाकडे पाहिले तेव्हा काटा सत्तरीजवळ होता. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि पंधरा-वीस टक्के आर्द्रता असताना कूलरच्या ओल्या ताट्यांतून (पॅडमधून) ओढलेली हवा साधारण सत्तावीस अंशांची आणि सत्तर टक्क्यांच्या घरातली होऊन खोलीत येते; कूलरचे काम करण्याचे तत्त्वच ते आहे. माणसाला जे सुखावते ते माइटलाही सुखावते. अमेरिकेतील कोलोरॅडोसारख्या कोरड्या भागात, जिथे पाण्यावर चालणारे कूलर वापरतात, तिथल्या घरांमध्येही संशोधकांना माइटचे अंश आढळले आहेत. ज्या महिन्यांत निसर्ग आमची गादी आपणहून कोरडी करून देत होता, त्याच महिन्यांत ती ओलसर राहत होती. तिच्या दम्याच्या तिसऱ्या फेरीचे उत्तर तिथे होते.

नागपुरात कूलर बंद करा असे सांगणे म्हणजे उन्हाळ्यात मुलांना भाजून काढणे होय, आणि डॉक्टरांनीही तसे सांगितले नाही. आम्ही कूलर वापरण्याची रीत बदलली, आणि याबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्या वस्तीत घरोघरी हीच अडचण आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जायला मार्ग हवा. गारवा निघून जाईल म्हणून दारे-खिडक्या गच्च लावून घेतल्या तर वाफ आतच साठते, खोली चिकट होते आणि गारवाही कमी लागतो. समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवून वरचा झरोका मोकळा केल्यावर आमच्या मापकावरचा आकडा स्पष्ट खाली आला. दुसरा बदल ताट्यांचा. हंगाम संपल्यावर कूलर सज्ज्यावर चढवायचा आणि पुढच्या वर्षी त्याच ताट्या धुऊन लावायच्या, अशी घरातली पद्धत होती. अर्धवट ओल्या ताट्या पावसाळाभर बंद राहिल्या की त्यांना कुबट वास येतो, आणि तोच वास पुढे पंख्याने खोलीभर पसरतो. आता ताट्या दरवर्षी नव्या बसवतो आणि जुन्या फेकून देतो. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासतो. डेंग्यूच्या डासांसाठीही ते करावेच लागते. पहाटे कूलर बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा अर्धा तास चालवतो, म्हणजे ताट्या वाळतात. मुख्य म्हणजे तिचा पलंग कूलरच्या सरळ झोतातून बाजूला घेतला आणि उशी-गादी दुपारी गच्चीवर टाकू लागलो. मेचे कोरडे, तीव्र ऊन माइटला सहन होत नाही, आणि हे ऊन आपल्याला फुकट मिळते.

उन्हाळा असा आटोक्यात आला, पण बुरशीचे काम त्याहून खर्चाचे आणि जिकिरीचे होते. आमचे घर तीस वर्षांपूर्वीचे, एका जुन्या ले-आउटमधले, वरच्या मजल्यावरचे. तिच्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीवर छताजवळ काळे ठिपके होते आणि खिडकीखाली पोपडे सुटून पांढरी भुकटी येत होती. दोन्हीला आम्ही सरसकट ‘ओल’ म्हणत असलो तरी दोन्ही एक नाहीत हे काम करणाऱ्या मिस्त्रींनी दाखवून दिले. पांढऱ्या भुकटीवर त्यांनी पाणी शिंपडले, ती विरघळली. म्हणजे तो लोणा होता, विटांमधला क्षार पाण्याबरोबर बाहेर आलेला. काळे ठिपके पाण्याने विरघळले नाहीत, ती बुरशी होती. लोणा स्वतः दमा करत नाही, पण भिंतीतून पाणी ये-जा करते आहे हे तो सांगतो, म्हणून त्याच्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही.

पाणी कुठून येते हे शोधण्यात सर्वाधिक वेळ गेला, आणि माझ्या मते त्या वेळेचे चीज झाले. छताजवळची ओल गच्चीवरून येत होती. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे तोंड शेजारच्या कडुनिंबाच्या पाल्याने अर्धे बुजलेले होते आणि कोब्याला बारीक भेगा होत्या. नागपुरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो, त्यामुळे पाणी साचून राहणारी गच्ची जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळतच नाही. खिडकीखालच्या ओलीचे मूळ मात्र कूलरमध्येच निघाले. टाकीचे बूच नीट बसत नव्हते, आणि थेंब-थेंब पाणी लोखंडी स्टँडवरून बाहेरच्या भिंतीत मुरत होते. म्हणजे पावसाळा वरून आणि उन्हाळा बाजूने, असे एकाच खोलीला वर्षातले जवळजवळ सहा महिने पाणी मिळत होते.

रंगाऱ्याचा पहिला सल्ला असा होता की बुरशीनाशक रंगाचे दोन हात मारले की पुढच्या वर्षीपर्यंत काही दिसणार नाही. दिसणार नाही हे खरे होते. पण ओल्या गिलाव्यावर मारलेला रंग आतल्या पाण्याला कोंडून ठेवतो, आणि एक-दोन पावसांत तो फुगून सुटतो. म्हणून आम्ही क्रम उलटा धरला: आधी पाणी बंद करणे, मग भिंत वाळू देणे, मग बुरशी काढणे आणि सर्वांत शेवटी रंग. गच्चीच्या भेगा भरून कोबा नव्याने केला, त्यावर पाणी भरून ठेवून गळती तपासली, आणि कूलरला बाहेर स्वतंत्र स्टँड करून भिंतीपासून दूर घेतले. हे सगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये केले, कारण त्यानंतरचे तीन महिने नागपूरची हवा भिंत जशी वाळवते तशी कोणतीही मशीन वाळवू शकत नाही.

बुरशी काढताना मुलगी घरात नव्हती. तिला मामाकडे अमरावतीला पाठवले होते. कोरड्या ब्रशने बुरशी घासली तर तिचे बीजाणू घरभर उडतात, म्हणून भाग आधी ओला करून घ्यायचा, दार बंद आणि खिडकी उघडी ठेवायची, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालायचे, आणि पुसलेली फडकी पिशवीत बांधून टाकून द्यायची. जिथे गिलावा भुसभुशीत झाला होता तिथे तो विटेपर्यंत खरवडून नवा केला, कारण बुरशीचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात आणि वरून पुसून ते जात नाहीत. बाथरूमच्या टाइल्सवर साबणाचे पाणी आणि नंतर पातळ केलेले ब्लीच वापरले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते: ब्लीच आणि संडास साफ करायचे आम्लयुक्त द्रव कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो धडधाकट माणसालाही गुदमरवतो. दम्याच्या मुलासमोर तर साधे ब्लीचही वापरू नये.

याच सुमारास एका कंपनीच्या प्रतिनिधीने घरातल्या हवेतल्या बीजाणूंची मोजणी करून देण्याची तयारी दाखवली, शुल्क बरेच होते. डॉक्टरांनी ते नको म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत हवेत किती बुरशी चालेल असा कोणताही आकडा दिलेला नाही, कारण तसा आकडा ठरवता येत नाही. ओल आणि बुरशी टाळावी, आढळली तर काढून टाकावी, एवढेच सांगितले आहे. जी भिंतीवर डोळ्यांना दिसते आणि नाकाला जाणवते ती मोजून घेण्यात पैसे घालण्यापेक्षा ते गच्चीवर घालावेत, हा त्यांचा सल्ला मला पटला.

गादीच्या बाबतीत घरात मतभेद झाले आणि ते स्वाभाविक होते. तिची गादी माझ्या सासूबाईंनी स्वतः कापूस निवडून भरून घेतलेली होती, आणि दर दोन-तीन वर्षांनी अंगणात पिंजारी बोलावून कापूस पिंजून घेण्याची त्यांची रीत होती. त्या गादीत वर्षानुवर्षांचे माइट आणि त्यांचा कचरा होता, आणि पिंजताना तो सगळा हवेत उडत असे. “अगं, आपण सगळे याच गाद्यांवर लहानाचे मोठे झालो,” असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, “आई, तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण हिच्या श्वासनलिका वेगळ्या आहेत, तिच्या हातावर उठलेली गांधी तुम्हीही पाहिलीत.” शेवटी त्यांनीच तोडगा काढला. तिच्यासाठी नवी पातळ गादी आणि उशी घेऊन दोन्हींना दाट विणीचे, चेनने पूर्ण बंद होणारे माइटरोधक कव्हर घातले, आणि जुन्या साड्यांची आजीची गोधडी मात्र ठेवली, कारण गोधडी धुता येते. चादर, अभ्रे आणि गोधडी आठवड्यातून एकदा साठ अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुतो. थंड पाण्याने माइटचा कचरा वाहून जातो पण जिवंत माइट बहुतेक वाचतात. ज्या कापडी खेळण्यांना गरम पाणी सोसत नाही ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक-दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो आणि मग धुतो. दिवाणातल्या रजया थंडी पडण्याआधीच, ऑक्टोबरच्या उन्हात वाळवून, धुऊन घेतलेल्या खोळींसह बाहेर येतात. मेलेल्या माइटचा अंशही त्रास देतो, म्हणून नुसते ऊन पुरत नाही. झटकणे आणि धुणे हवेच, आणि झटकायचे ते गच्चीवर, मुलगी घरात नसताना.

झाडूऐवजी ओले फडके, पलंगाखाली सामान नाही, खोलीतला गालिचा आणि जाड पडदे काढून टाकणे, दिवाळीच्या झाडझुडीच्या दोन दिवसांत मुलीने दुसरीकडे राहणे, ही कामे सोपी होती आणि लगेच झाली.

खर्च होत असताना मी डॉक्टरांना विचारत असे की यातले नेमके कशाने गुण येतो, आणि त्यांचे उत्तर प्रामाणिक होते. गादीला कव्हर घालणे हा एकच उपाय प्रौढांवर तपासला असता, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील हजाराहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, त्याचा फायदा दिसला नाही. याउलट अमेरिकेतील सात शहरांतल्या पाच ते अकरा वर्षांच्या ९३७ मुलांच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, प्रत्येक मुलाच्या अ‍ॅलर्जीनुसार घरात अनेक बदल एकत्र केल्यावर लक्षणांचे दिवस कमी झाले. पुढे २०१७ मध्ये इंग्लंडमधून आलेल्या एका अभ्यासात, दम्याच्या झटक्यामुळे इस्पितळात जावे लागलेल्या आणि माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना कव्हर दिल्यावर त्यांना पुन्हा झटक्यासाठी इस्पितळात जाण्याची वेळ कमी वेळा आली, मात्र तोंडावाटे स्टेरॉइड घेण्याची गरज तेवढीच राहिली. यावरून मी माझ्यापुरता असा निष्कर्ष काढला की एखादी महाग वस्तू विकत घेऊन काही साधत नाही. आधी मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते तपासावे आणि त्याच गोष्टीला चारही बाजूंनी धरावे. एअर प्युरिफायरवर आम्ही खर्च केला नाही. माइटचे कण गादीत असतात, हवेत फार वेळ नसतात.

औषधाबद्दल मी शेवटी लिहीत असले तरी ते सर्वांत आधी सुरू झाले होते, आणि हे आई-वडिलांनी नीट ध्यानात घ्यावे असे मला फार वाटते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते की घर सुधारायला वर्ष लागेल, मुलीचा श्वास तोवर थांबू शकत नाही. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची प्लास्टिकची नळी, लावून सकाळ-संध्याकाळ सुरू झाला. ‘पंपाची सवय लागते’ हे नात्यातल्या सगळ्यांनी ऐकवले. सवय लागत नाही. श्वासनलिकेची सूज रोजच्या रोज दाबून ठेवावी लागते, म्हणून तो रोज घ्यावा लागतो, आणि औषध थेट तिथेच पोचत असल्याने गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. त्याचा परिणाम उंचीवर होतो का, हेही मी विचारले. डॉक्टरांनी लपवले नाही: ब्युडेसोनाइड वर्षानुवर्षे घेतलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला असता त्यांची उंची सरासरी सुमारे एक सेंटीमीटर कमी भरली. रात्रंदिवस धापा टाकणाऱ्या, खेळू न शकणाऱ्या आणि वारंवार तोंडावाटे स्टेरॉइड घ्यावे लागणाऱ्या मुलाशी तुलना करता मला तो सेंटीमीटर मोठा वाटला नाही. पंपानंतर चूळ भरणे, स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता हवेवर वाळू देणे, कारण फडक्याने पुसल्यास प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येऊन औषध स्पेसरच्या आतल्या बाजूलाच चिकटते, अशा बारीक गोष्टी नर्सताईंनी हातात घेऊन शिकवल्या आणि पुढच्या प्रत्येक भेटीत मुलीकडून करून घेतल्या.

आता दुसरे वर्ष सुरू आहे. उन्हाळ्याची फेरी आली नाही. रजयांच्या दिवसांत थोडा खोकला झाला, तोही रात्रीची झोप मोडण्याइतका नव्हता. ती शाळेत धावण्याच्या शर्यतीत उतरते, तिच्या दप्तरात साल्ब्युटामॉलचा पंप असतो आणि तो केव्हा घ्यायचा हे तिच्या वर्गशिक्षिकेला लेखी दिले आहे. साधी सर्दी झाली की छाती अजूनही भरते, कारण विषाणूंनी होणारी सर्दी हे मुलांच्या दम्याच्या झटक्यांचे सर्वांत मोठे कारण आहे आणि त्यावर गच्ची दुरुस्त करून उपाय होत नाही. दिवाळीच्या फटाक्यांच्या धुराने होणारा त्रासही तसाच आहे. माइटविरुद्धची इम्युनोथेरपी, म्हणजे वाढत्या मात्रेत अर्क देऊन शरीराला त्याची ओळख करून देणारा तीन वर्षांचा उपचार, हा पर्याय डॉक्टरांनी समजावून सांगितला आहे. दमा आटोक्यात असल्याशिवाय तो सुरू करत नाहीत, आणि सध्या त्याची गरज नाही असे त्यांचे मत आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना गच्चीचा कोबा करता येत नाही, याची मला जाणीव आहे. त्यांच्यासाठी पलंग ओल्या भिंतीपासून हातभर दूर घेणे, मुलाला घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत झोपवणे, ओले कपडे घरात न वाळवणे, स्वयंपाकघराची आणि बाथरूमची वाफ बाहेर काढणे आणि कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवणे एवढे तरी घरमालकाला न विचारता होऊ शकते. घरमालकाला मात्र विचारावेच, आणि मुलाच्या निदानाचा कागद दाखवून विचारावे.

गेल्या भेटीत डॉक्टरांनी पंपाची मात्रा निम्म्यावर आणण्याचा विचार मांडला. लक्षणे तीन महिने पूर्ण आटोक्यात राहिली तर मात्रा कमी करता येते, पण धोक्याचा हंगाम तोंडावर असताना ती कमी करत नाहीत. तिचा धोक्याचा हंगाम पोळ्यापासून सुरू होतो, म्हणून निर्णय दिवाळीनंतरच्या भेटीपर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर तिच्या पीक-फ्लो मीटरचे, म्हणजे जोराने सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणाऱ्या साधनाचे, सकाळचे आकडे वहीत लिहिणे, दर पावसाळी आठवड्याला निचऱ्याच्या तोंडातला पाला काढणे आणि उत्तरेच्या भिंतीवर हात फिरवून ती कोरडी आहे ना हे पाहणे चालू आहे.